पाय उचलू नका

या मित्रांनो, असे जवळ या. मागे उभे आहेत त्यांनीही पुढे सरकून बसावं, जागा भरपूर आहे. लहानांना पुढे घ्या. ऐकणारा जवळ असला की सांगणाऱ्याचा आवाजही नीट लागतो. आज मी तुम्हांला एक गोष्ट सांगणार आहे. तीत एक आजोबा आहेत, त्यांची मुलगी आहे, नात आहे, आणि अशी एक चूक आहे जी फक्त फार चांगल्या ड्रायव्हरकडूनच होऊ शकते.

मी एका जुन्या मोटारीचा ब्रेक आहे. वय वर्षे बावीस. या वयात माणसाला लोक पोरगा म्हणतात, मला मात्र म्हातारा म्हणतात. आणि आधीच सांगून ठेवतो, मी चिडलेला आहे. देवाचं नाव घेणाऱ्यानं इतकं चिडू नये हे मलाही कळतं. पण सगळं ऐकून घ्या, आणि मग मला शांत राहायला सांगा.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. त्या कारखान्यात एकाच रूपाच्या दोन प्रकारच्या गाड्या बनायच्या. एकीला साधा ब्रेक, दुसरीला एबीएसचा. मी दुसऱ्या प्रकारचा. म्हणजे काय, ते सांगतो. चाक फिरायचं थांबलं म्हणजे गाडी थांबली, असं नसतं, मित्रांनो. ओल्या रस्त्यावर साधा ब्रेक जोरात दाबला तर तो चाकाला गच्च धरून बसतो. चाक थांबतं आणि गाडी घसरत राहते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी ऐकत नाही. म्हणून जुने जाणते ड्रायव्हर ब्रेक दाबतात, सोडतात, पुन्हा दाबतात, पुन्हा सोडतात. ती त्यांची विद्या असते आणि ती खरी असते.

माझ्याकडे मात्र हे काम करणारा एक डबा आहे. चाक अडकायला लागलं की चाकाजवळचा सेन्सर त्याला खबर देतो, आणि तो डबा एका सेकंदात कितीतरी वेळा धर-सोड, धर-सोड करतो. माणसानं फक्त एक करायचं. पूर्ण जोरानं दाबायचं आणि पाय उचलायचा नाही. त्या वेळी माझं पायडल तळव्याखाली टर्रर्र करून थरथरतं. परमेश्वरानं मला जीभ दिली नाही, थरथर दिली. ‘मी काम करतोय, तू सोडू नकोस,’ एवढंच माझं बोलणं. तेच माझं पालुपद.

कारखान्यात एक तपासणाऱ्या बाई होत्या. त्यांनी ओल्या फरशीवर गाडी नेली, मला कचकन दाबलं. मी थरथरलो. बाई हसल्या, ‘छान बोलतोस की रे,’ म्हणाल्या आणि कागदावर सही केली. देव त्यांचं भलं करो. बावीस वर्षांत माझं बोलणं पहिल्या खेपेला समजलेलं ते एकच माणूस.

पुढे शोरूममध्ये मला दातांच्या एका डॉक्टरांनी घेतलं. विकणारा माणूस म्हणाला, ‘साहेब, एबीएस आहे, आता काळजीच नको!’ संपलं. तो थरथरतो, थरथरला तर घाबरू नका, हे एक वाक्य सांगायला त्याची जीभ झिजली असती का? पण नाही. गाडीबरोबर माहितीचं एक पुस्तकही होतं. ते समोरच्या कप्प्यात गेलं आणि त्याच्यावर पेपरमिंटचे कागद साठत राहिले. डॉक्टर स्वभावानं गरीब, कधी वेगानं गेले नाहीत, कधी जोरात ब्रेक मारला नाही. अठरा वर्षं मी दातांच्या डॉक्टरांकडे राहिलो आणि मला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही!

मग मी आलो नर्सबाईंच्या घरी.

नर्सबाई म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रोग्यांच्या घरी जाऊन जखमा धुणारी, पट्ट्या बदलणारी, इंजेक्शन देणारी बाई. दुपारी निघायची ती दिवे लागेपर्यंत पाच-सहा घरं करायची. ऊन असो, पाऊस असो. मागच्या सीटवर औषधांची पेटी, पुढच्या सीटवर अर्धा खाल्लेला डबा. सकाळी मात्र गाडी तिच्या वडिलांच्या ताब्यात. मुलीला दवाखान्यात सोडायचं, मग नातीला शाळेत सोडायचं, आणि गाडी घरी आणायची, हे त्यांचं काम. नात आठ वर्षांची. ती इतके प्रश्न विचारायची की आजोबांनी तिचं नाव प्रश्नबाई ठेवलं होतं.

आणि आजोबा कोण? तर छत्तीस वर्षं बस चालवलेला माणूस! साध्या ब्रेकची अवजड बस, घाटाची वळणं, पन्नास माणसं पाठीशी, आणि एकदाही गाडी घसरू दिली नाही. त्यांचा पाय माझ्यावर पडला तेव्हाच मी ओळखलं. काय तो पाय! दाबणार, सोडणार, दाबणार, सोडणार. तालावर पडणारा पाय होता तो. मी मनोमन नमस्कार केला. आणि मनोमन घाबरलोही. कारण जोरात दाबायची वेळ आली आणि या पायानं सवयीप्रमाणे मला मध्येच सोडलं, तर माझा डबा काय करणार? पाय उचलला की मी कामावरून निघालोच. पुन्हा पाय पडेपर्यंत गाडी मोकळी.

हीच विद्या त्यांनी मुलीलाही शिकवली होती. प्रेमानं शिकवली होती. आता रागवायचं तरी कुणावर, सांगा!

चौथ्या वर्षी ते झालं. सकाळची वेळ, रस्ता ओला, लॉंड्रीजवळचा उतार. त्या दिवशी नर्सबाई स्वतः चालवत होती, शेजारी आजोबा. लॉंड्रीची व्हॅन अचानक मागे येत रस्त्यावर आली. नर्सबाईनं मला दाबलं, चांगलं दाबलं. मी आयुष्यात दुसऱ्यांदा थरथरलो. अहो, गाडी थांबत होती! आणखी दोन हात, की थांबलीच होती!

‘ब्रेक गेला!’ आजोबा ओरडले. ‘सोड! सोड आणि परत दाब!’

तिनं सोडला.

गाडी व्हॅनला चुकवून लॉंड्रीच्या लोखंडी कठड्यावर गेली. पुढचं चाक ठेचलं, दिवा फुटला, कठड्यावरच्या टोपल्या उलटल्या आणि पांढऱ्या चादरी रस्त्यावर पसरल्या. लॉंड्रीवाली कमरेवर हात ठेवून बाहेर आली.

‘काय हो नर्सबाई, चादरी धुवायला आणतात माझ्याकडे. तुडवायला नाही!’

कुणाला लागलं नाही ही देवाची कृपा. पण दोष कुणाला लागला? मला! ‘पायडल कसं धडधडलं बघितलंस? भूत शिरलंय त्या ब्रेकात,’ आजोबा म्हणाले. मी काम केलं म्हणून मी बिघडलेला, असा हा न्याय.

गाडी गॅरेजात गेली. गॅरेजवाल्याला सगळे दोनचष्मे म्हणायचे, कारण एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर, आणि हवा तो कधीच सापडायचा नाही. त्यानं चाकाखाली डोकं घातलं, वायर ओढून बघितली, आणि उभा राहिला.

‘काका, ब्रेक ठणठणीत आहे. थरथरला तो एबीएस. आता धक्क्यानं चाकाजवळचा सेन्सर मात्र तुटलाय, म्हणून समोर पिवळा दिवा लागलाय. नवा सेन्सर चार दिवसांत येईल. तोवर हळू चालवा.’

‘सेन्सरबिन्सर नको,’ आजोबा म्हणाले. ‘ते एबीएसच काढून टाक. साधा ब्रेक कर मला.’

‘करता येईल. त्या कोपऱ्यात हीच गाडी साध्या ब्रेकची भंगारात उभी आहे, तिचे भाग निघतील. पण करायचं तर पुरतं करायचं. साध्या गाडीत मागच्या चाकांच्या ब्रेकचा जोर आवरणारा एक व्हॉल्व्ह असतो. तुमच्या गाडीत तो नाही. ते काम पण हा डबाच करतो. तेव्हा कुणी शहाणपणा करून नुसता फ्यूज उपसला, तर गाडी ना एबीएसची राहते, ना साधी. मागची चाकं आधी अडकतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते.’

‘मला शिकवतोस? तू चड्डीत होतास तेव्हा मी घाटात बस चालवत होतो.’

‘म्हणून तर सांगतोय काका. नवख्याला एकदा सांगितलं की पुरतं, त्याला जुनी सवय मोडायची नसते.’

नर्सबाई घड्याळाकडे बघत होती. ‘दादा, बाबा, तुम्ही दोघं ठरवा. माझा पेशंट पट्टी सुटून बसलाय.’ आणि निघून गेली. दोनचष्म्यानं चाक बदललं, सेन्सर मागवला आणि गाडी घरी धाडली.

आता जे घडलं ते सांगताना माझी अजून चिडचिड होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नातीला शाळेत सोडून आल्यावर आजोबा एकटे गाडीपाशी आले. झाकण उघडलं. सगळं ऐकलं होतं ना त्यांनी? ऐकलं होतं. पण छत्तीस वर्षांच्या कानांवर चार वाक्यं किती बसणार! त्यांनी माझ्या डब्याचा फ्यूज उपसला आणि खिशात टाकला. समोर पिवळ्याच्या जोडीला लाल दिवाही लागला. तो दिवा म्हणजे माझा आक्रोश होता, मित्रांनो. आजोबांनी काय केलं? मागच्या सीटवरच्या पेटीतून जखमेला लावायची चिकटपट्टी काढली आणि दोन्ही दिव्यांवर लावली.

दुपारी निघताना नर्सबाईनं विचारलं, ‘बाबा, ही पट्टी कसली?’

‘अगं, पिवळा दिवा डोळ्यांत येतो. सेन्सर येईपर्यंत लावलीय.’

तिनं विश्वास ठेवला. बापावर नाही ठेवायचा तर कुणावर? ती दोन दिवस तशीच गाडी घेऊन घरं करत फिरली. प्रत्येक वळणावर मी जीव मुठीत धरून. ओरडू कसा? तोंडावर पट्टी!

तिसऱ्या दिवशी सकाळी बारीक पाऊस होता. मुलीला दवाखान्यात सोडून आजोबा नातीला घेऊन शाळेकडे निघाले. प्रश्नबाई मागे पट्टा लावून बसली होती आणि माशांना पाऊस कळतो का, हे विचारत होती. शाळेच्या कुंपणाच्या वळणावर पाववाला सायकलवरून आडवा आला. आजोबांनी मला दाबलं. त्यांच्या विद्येप्रमाणे अगदी बरोबर दाबलं. पण पहिल्याच दाबाला मागची चाकं अडकली, सोडायला वेळच मिळाला नाही. गाडीची पाठ पुढे आली, पुढचं मागे गेलं, एक अर्धी गिरकी, आणि आम्ही मागच्या अंगानं शाळेच्या कुंपणाच्या झुडपांत शिरलो.

पाववाला पाय टेकून उभा. त्याचा एक पावसुद्धा पडला नव्हता. ‘काका, काय सर्कस आहे काय ही!’ एवढं बोलून तो सायकल टेकवून रस्त्याकडेला बसला.

गाडीचं इंजिन बंद पडलं होतं. वायपर तेवढे हलत होते. मग मागून आवाज आला.

‘आजोबा, आपण शाळेला पाठ का दाखवलीय?’

आजोबा मागे वळले. त्यांनी हात मागे नेऊन तिचं डोकं चाचपलं, खांदे चाचपले, गुडघे चाचपले.

‘मला काही नाही झालं. आजोबा, धक्क्यानं पट्टी निघालीय. खाली दोन दिवे आहेत. लाल कशाला लागतो?’

‘ब्रेक नीट नसला की लागतो.’

‘मग पट्टी आईनं लावली?’

खोटं बोलायला किती सोपं होतं ते! आठ वर्षांच्या पोरीला काय कळणार होतं! आजोबा म्हणाले, ‘नाही बाळ. मी लावली.’

गाडी ओढून पुन्हा गॅरेजात आणली. नर्सबाई दवाखान्यातून धावत आली. आजोबांनी खिशातला फ्यूज काढून तिच्या हातावर ठेवला. तो हातावर बघून तिला आधी कळेचना, आणि मग कळलं.

‘बाबा, मी दोन दिवस ही गाडी चालवली.’

‘हो.’

‘आज पोरगी मागे होती.’

‘हो.’

‘रोज लोकांच्या जखमा उघडून बघते मी. पट्टीखाली लपवून बरी झालेली एकसुद्धा बघितली नाही हो! आणि तुम्ही माझ्याच पेटीतली पट्टी...’ ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

दोनचष्म्यानं कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, नाकावरचा कपाळावर. ‘ताई, सेन्सर आलाय. आता सरळ दोन वाटा आहेत. पुरता एबीएस, नाहीतर पुरता साधा. मधलं काही मी करून देणार नाही.’

मला वाटलं, आता तरी ती माझ्या बाजूनं बोलेल. पण नर्सबाई वळली, डोळे पुसले आणि म्हणाली, ‘साधाच करा, दादा. बाबांच्या पायाला तो कळतो. पोरीला रोज शाळेत तेच नेतात. मी सांभाळून चालवीन.’

बघा मित्रांनो, असा पेच. पाय दोन आणि ब्रेक एक. मला ठेवावं तर आजोबांचा पाय मला मध्येच सोडणार. मला काढावं तर पावसापाण्यात दिवसभर फिरणाऱ्या या बाईकडे ऐन वेळी धर-सोड करायला कुणी नाही, कारण आजोबांची ती विद्या तिच्या पायात अर्धीच उतरलेली. आजोबांचे डोळे मात्र लकाकले. त्यांना हवं ते मिळत होतं.

‘ठरवायच्या आधी पायांना विचारू,’ दोनचष्मे म्हणाला.

त्यानं नवा सेन्सर बसवला, फ्यूज जागेवर लावला. गॅरेजामागे सिमेंटचं मोकळं आवार होतं. तिथं पाइपनं पाणी मारून ओलं केलं आणि मधोमध प्लास्टिकचा एक क्रेट ठेवला. ‘क्रेटपर्यंत वेगात या. ब्रेक तळापर्यंत दाबा. तो थरथरेल, थरथरू द्या. पाय उचलू नका आणि क्रेटला वळसा घाला.’

नर्सबाई पहिली. पहिल्या वेळी ती किंचाळली आणि पाय उचलला. दुसऱ्या वेळी दात आवळून दाबून धरला. मी बोललो, ती ऐकत राहिली. गाडी क्रेटला वळसा घालून थांबली. ‘अगंबाई, ऐकतेय की ही!’ ती म्हणाली. बावीस वर्षांनी माझ्या तळव्याखाली, छे, तिच्या तळव्याखाली मला न्याय मिळाला.

मग आजोबा बसले.

पहिल्या खेपेला पाय उचलला गेला. दुसऱ्या खेपेला उचलला गेला. तिसऱ्या खेपेला क्रेटचा चुरा झाला, दोनचष्म्यानं दुसरा आणून ठेवला. नात बाजूला उभी राहून बोटं मोजत होती. ‘आजोबा, सोडू नका ना!’

‘मी नाही सोडत ग,’ आजोबा काचेतून ओरडले, ‘पाय सोडतो!’

अकरा वेळा, मित्रांनो. घामानं सदरा पाठीला चिकटला. मी माझ्या परीनं सांगत होतो, ‘बस आजोबा, एवढा एक श्वास धरा,’ आणि मी बोलायला लागलो रे लागलो की तो पाय तालावर वर यायचा. छत्तीस वर्षं ज्या तालानं पन्नास-पन्नास माणसं घरी पोचवली, तो ताल एका दुपारीत कसा मोडणार? त्या पायाचा मला राग येत होता आणि त्याच पायापुढे डोकं ठेवावंसं वाटत होतं.

अकराव्या खेपेनंतर आजोबांनी गाडी बंद केली. स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवला. मग उतरले, किल्ली काढली आणि मुलीच्या हातात दिली.

‘एबीएसच ठेव. माझा पाय आता नवं शिकत नाही.’

‘बाबा, असं काय करता? साधा करू म्हटलं ना मी! पोरीच्या शाळेचं काय?’

‘तू दिवसभर फिरतेस. मी सकाळचा अर्धा तास. अर्ध्या तासासाठी तुझा ब्रेक काढू?’ ते नातीकडे वळले. ‘शाळेत चालत जाऊ आपण. काय प्रश्नबाई, चालेल?’

‘लवकर उठावं लागेल?’

‘लागेल.’

‘मग रस्त्यात जास्त प्रश्न विचारायला मिळतील?’

‘नाइलाज आहे,’ आजोबा म्हणाले आणि पहिल्यांदा हसले. दोनचष्मे दोन्ही चष्मे काढून सदऱ्याला पुसत राहिला. त्याला तेव्हा काहीच दिसत नसावं.

आता सकाळी दवाखान्यात नर्सबाई स्वतःच गाडी नेते. आजोबा आणि नात पायी निघतात. मी तिच्या तळव्याखाली सुखात आहे, पण माझा राग गेलेला नाही. तो आजोबांवर नाही. जी गोष्ट एका वाक्यात सांगता आली असती, ती त्यांना कळायला एक कठडा, एक कुंपण आणि एक किल्ली जावी लागली, त्याचा आहे.

मित्रांनो, साधा ब्रेक वाईट नाही आणि एबीएस म्हणजे जादू नाही. आपल्या गाडीत काय आहे ते आधी विचारून घ्या, घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला सांगा. दिवा लागला तर झाकू नका. अर्धं काढून, अर्धं ठेवून कुणाचं भलं होत नाही. आणि तळव्याखाली माझ्यासारखा कुणी थरथरला तर पाय उचलू नका, तो तुमच्यासाठीच राबतोय.

माझी आठवण नाही ठेवली तरी चालेल, मी लोखंडाचा आहे. पण सकाळी रस्त्यानं एखादे आजोबा नातीचं दप्तर खांद्याला लावून चालताना दिसले, तर गाडी जरा हळू करा आणि त्या बसवाल्या आजोबांना मनात आणा. ज्यांनी अकरा वेळा प्रयत्न केला, आणि मग कुणी मागितलेली नसताना किल्ली दिली, त्यांची एवढी आठवण ठेवा.